१५ मिमी की २८ मिमी?

टेबलावर छोट्या शिपायांच्या लढाया खेळायला अमळनेरच्या भाच्याने ‘तापीपार’ नावाचं काल्पनिक राज्य काढलंय. रंगवायचे शिपाई किती मिमी उंचीचे घ्यावेत, यावर अडलाय. त्याला माझं उत्तर:

२८ मिमीचा शिपाई हातात घेतला की बटणं, मिशा, पागोट्याची किनार दिसते. पण एकेकाला संध्याकाळ जाते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच वाळतो. १५ मिमीचं काम तीन-चार रंगांत उरकतं. जेवणाच्या टेबलावर अख्खी पलटण मावते.

काळ? १७५० नंतरचा घे. पलटणी कोटांच्या रंगावरून ओळखायच्या, त्यामुळे गणवेश मनाने रचता येतो. १७६१ च्या पानिपतात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी होत्याच! १९४० चे रणगाडे मात्र लगेच खऱ्या देशांचे वाटतात.

दहा-बारा जणांच्या चकमकींना २८, मोठ्या लढायांना १५. मित्रांबरोबर खेळणार असशील, तर त्यांचं माप आधी विचार.