पहिलं बालपुस्तक काढताय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

मुलांसाठी लिहिणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, जरा लांबलंय पण वाचा, कारण माझ्यासोबत झालं तेच माझ्या ओळखीतल्या अजून दोघींसोबत झालंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात सांगायला रचलेल्या गोष्टींचं पुस्तक करायचं मनात होतं. एका प्रकाशनाचा फोन आला, तुमची गोष्ट दिवाळी अंकात वाचली, अशा लेखिकेचं पुस्तक आलंच पाहिजे वगैरे. मग पॅकेज आलं. 65 हजारात हजार प्रती, आर्टपेपर, चार रंगी छपाई, चित्रकार त्यांचाच, राज्यभर वितरण. शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत रोज "ताई, ताई" करत फोन, तो जमा झाला आणि फोन उचलणंच बंद.

पुस्तक हातात आलं आणि वर्गात वाचायला घेतलं. गोष्टीतली शेळी काळी, कान तेवढे पांढरे, अख्खी गोष्ट त्या कानांवर आहे. चित्रात तपकिरी शेळी आणि मागे बर्फाचा डोंगर! पाचव्या पानावरचा मुलगा नवव्या पानावर वेगळाच, चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हा कोण आला मधीच?" चित्रं नेटवरून उचललेली होती. मला सगळ्यात जास्त राग याचाच आलाय, लहान मुलं चित्र आधी वाचतात हो, अक्षरं नंतर. आणि उद्या मूळ चित्रकाराने हरकत घेतली तर कव्हरवर नाव माझं आहे.

हजारपैकी घरी शंभर आल्या, बाकी म्हणे गोडाऊनला. पुण्यात अप्पा बळवंत चौकात दुकानं पालथी घातली, एकाकडेही प्रत नाही. ज्या वितरकाचं नाव मला सांगितलं होतं त्यांच्या काउंटरवर यादी बघून सांगितलं की हे पुस्तक आमच्याकडे आलेलंच नाही. ओळखीच्या प्रेसवाल्या काकांनी पान भिंगाखाली धरलं आणि म्हणाले ही ऑफसेट नाही, म्हणजे प्लेट करून एकदम जास्त प्रती काढतात ती छपाई नाही, डिजिटल आहे, हजार प्रतींना हे कोणाला परवडत नाही, लागतील तशा थोड्या थोड्या काढतात. म्हणजे बाकीच्या नऊशे छापल्याच नसणार. त्यामुळे पैसे देण्याआधी छपाई कुठे होणार ते विचारा, शेवटचा हप्ता प्रेसचं बिल आणि प्रती मोजून घेतल्यावरच द्या आणि हे करारात लिहून घ्या. वितरकाला आधी स्वतः फोन करा.

आता हिशोबातली लूट. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, त्याचे पाच हजार वेगळे लावले होते. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो, दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था देते, लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. कॉपीराइटचे आठ हजार घेतले, साहित्यकृतीच्या नोंदणीची सरकारी फी 500 रुपये आहे आणि ती नोंदणी सक्तीचीही नाही, लिहिलं की हक्क आपलाच.

करारात "सर्व हक्क प्रकाशकाकडे" एवढंच लिहिलंय, मुदत नाही. मी पुस्तक परत मागितलं तर म्हणतात आता ते कायमचं आमचं. नात्यातल्या एका वकिलाने 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 काढून दाखवलं, मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षंच धरतात. हे त्यांना लेखी कळवल्यापासून "कायमचं" हा शब्द ऐकू आलेला नाही.

मध्येच एक मेसेज आला की पुस्तकाची बालसाहित्य पुरस्कारासाठी निवड झालीये, सात हजार भरा. भरले नाहीत. ज्या दोघींचं म्हटलं त्यातल्या एकीने भरले, एक सर्टिफिकेट आलं फक्त.

पैसे कमी असतील तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा, पहिल्या पुस्तकासाठीच आहे, त्यात बालवाङ्मयही येतं. हे मला कुणी वेळेत सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीये, सोबत पैसे भरल्याच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरची बोलणी आणि वितरकाने लिहून दिलेलं जोडलंय. आम्ही तिघी आता ग्राहक आयोगात जातोय. तुमच्या करारातही असंच बिनमुदतीचं वाक्य असेल तर सही करण्याआधी तिथे वर्षं लिहून घ्या, आणि सही झाली असेल तर मेसेज, पावत्या काही डिलीट करू नका.