कोरे टायर बघून भुललो

कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकावरचं घर, घेण्याआधी मी सगळ्यात जास्त डोकं सस्पेन्शनवरच चालवलं होतं. त्यामुळे हे लिहिताना पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा लाज जास्त वाटते.

लांबचा पल्ला आणि कच्चे रस्ते, हे ठरलेलं होतं. रबराचा टॉर्शन ॲक्सल मी लगेच बाद केला. त्यातलं रबर एकदा बसलं की वाटेत दुरुस्ती नाही, अख्खा ॲक्सलच बदलायचा. उरले दोन पर्याय: साधे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, किंवा दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं, कॉइल स्प्रिंग आणि ट्रेलिंग आर्मचं (चासीपासून मागे जाऊन चाक धरणारा लोखंडी हात) इंडिपेंडंट. विकणारा याच धंद्यातला, बोलायला गोड. ‘पाटे बैलगाडीला शोभतात साहेब,’ म्हणाला. चाकाला दोन-दोन शॉकअप, पुढे ठळक अक्षरांत ‘ऑफ-रोड’. मी विरघळलो.

गाडी जुनी होती, पण टायर कोरे करकरीत. खालून चासीला ताजा काळा रंग. पुढच्या दांड्यावर, भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन सांगणारी, २८०० किलोची चकचकीत पाटी. एक चक्कर मारून आणली, तीही रिकामी गाडी आणि गुळगुळीत रस्ता. अशा चकरेत सस्पेन्शनचं काहीच कळत नाही, हे मला माहीत होतं. तरी मारली आणि मान डोलावली.

पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या रस्त्यावर दुसऱ्याच दिवशी कपाटाचे स्क्रू जमिनीवर गडगडत होते. सिंकखालचा पाइप सुटून गादी भिजली. थांबलो, वाकलो, शॉकअपना हात लावायला गेलो. उजवीकडचे दोन इतके तापलेले की बोट टेकवेना. डावीकडचे दोन गार. आधी बरं वाटलं, मग लख्ख प्रकाश पडला. धक्क्याची ताकद गिळून तिची उष्णता करणं हेच शॉकअपचं काम. अशा रस्त्यावरून येऊन तो गार असेल तर तो नुसता लटकलेला आहे. (हात जपून लावा, चालू शॉकअप खरंच भाजतो.) पुढे मेकॅनिकने एक सोडवून हातात दिला. दांडी सायकलच्या पंपासारखी आत-बाहेर होत होती, आणि रंग खरवडल्यावर खाली गळलेल्या तेलाचा जुना, मातीने माखलेला थर.

पाट्यांमध्ये पाटा पाट्यावर घासतो, त्यामुळे शॉकअप मेला तरी थोडा आवर राहतो. कॉइलला तसलं काहीच नाही, ती नाचतच राहते. ही गोष्ट मला त्या गोडबोल्या विकणाऱ्याने सांगायला हवी होती असं म्हणत नाही. मला स्वतःला आठवायला हवी होती.

डाव्या टायरची आतली कड तारेपर्यंत झिजली होती, बाहेरची कड अजून नवीच. चाक उचलून पहार घातली तर ट्रेलिंग आर्मच्या बुशमध्ये (आर्म चासीला जोडतो त्या सांध्यातली नळी) बोटभर ढिलेपणा! म्हणजे टायर माझ्या प्रेमाखातर बदललेच नव्हते. जुन्या टायरांवर हीच झीज दिसली असती, म्हणून बदलले. आज मी कुणाबरोबर गाडी बघायला गेलो की पहिला प्रश्न एकच विचारतो, काढलेले टायर कुठे आहेत?

पाटीचं तर विचारूच नका. रिव्हेट नवे, आणि तिच्याशेजारी पुटीने बुजवलेली दोन जुनी भोकं. आर्मवरचा रंग घासल्यावर कारखान्याचा ठसा निघाला, जोडीला २२०० किलो. आम्ही पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की तिथेच १८० किलो चढत होते. भरलेली गाडी वजनकाट्यावर घातली तेव्हा आकडा ठशाच्या कधीच पलीकडे गेला होता. पाटी कुणीही ठोकू शकतो. आर्म, स्प्रिंग, चाक आणि टायर यांत जो सगळ्यात कमजोर, तेवढाच भार खरा.

ते बुश त्या एकाच बनावटीचं. मागवून यायला आठ दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्याच गॅरेजात मुख्य पाटा तुटलेली एक ट्रॉली आली. मिस्त्रीने यू-बोल्ट सोडले, भंगारातून मापाचा पाटा शोधला, आणि संध्याकाळच्या आत ती गेलीसुद्धा. मी पायरीवर बसून बघत होतो. इंडिपेंडंट वाईट असं नाही, चांगलं असेल तर घर शांत चालतं. पण तुमचा रस्ता माणसांपासून जितका लांब जाणार, तितका मला पाटाच बरा वाटतो.

विकणाऱ्याला फोन केला. पावतीवर ‘पाहून, आहे त्या स्थितीत’ एवढंच होतं. सस्पेन्शनचं, शॉकअपचं एक अक्षर मी लिहून घेतलं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, ‘ऑफ-रोड म्हणजे कच्चा रस्ता, साहेब. तुम्ही गेलात तो रस्ता खराब होता.’

पंधरा दिवसांनी त्याची दुसऱ्या एका कॅरॅव्हानची जाहिरात दिसली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘चारही टायर नवे.’