साडेनऊ हजारांचा फ्यूज

सांगायला लाज वाटते. पण ठाण्याच्या नौपाड्यातल्याच आणखी दोघांकडे हा फ्यूज विकणारा माणूस जाऊन आल्याचं परवा कळलं, म्हणून लिहितोय. ॲम्प्लिफायरसाठी एक आणि सीडी प्लेअरसाठी एक असे दोन फ्यूज मी आवाज सुधारेल म्हणून १९,००० रुपयांना घेतले. फ्यूज म्हणजे तोच आपला, २० मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर जाड, आत तार असलेली नळी.

घंटाळीजवळ एका स्नेह्यांकडे आम्ही महिन्यातून एकदा रेकॉर्ड ऐकायला जमतो. तिथे हा गृहस्थ आला. बोलणं गोड आणि गाण्याची जाण खरी, ते मी आजही नाकारणार नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तानेला नेमक्या जागी दाद देणाऱ्या माणसाचा संशय कोण घेणार? "काका, तुमचा ॲम्प उत्तम आहे, पण ठाण्याची लाइट घाण आहे," असं म्हणाला. लाइटीला नावं ठेवली की ठाणेकराची मान आपोआप हलते. माझीही हलली.

रविवारी तो घरी आला. फ्यूज मखमली डबीत, अंगठीसारखा. टोकांच्या टोप्यांना सोन्याचा मुलामा, अंगावर छोटा बाण. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवल्यामुळे आतल्या धातूचे कण म्हणे रांगेत बसतात. बाणाची दिशा चुकली तर आवाज कोंदट होतो.

पुढे त्याने काय केलं ते सावकाश सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. आधी जुन्या फ्यूजवर भीमसेनजींची रेकॉर्ड पाच मिनिटं ऐकवली. मग ॲम्प बंद करून झाकण उघडलं, फ्यूज बदलला आणि "उघडलंच आहे तर" म्हणत व्हॉल्यूमच्या बटणात कसलासा स्प्रे मारला. ते बटण दोन वर्षं खरखरत होतं. पुन्हा रेकॉर्ड लावली तर खरखर गायब. खरखर गेली स्प्रेने, श्रेय मिळालं फ्यूजला. शिवाय बटणावरचा ठिपका नेहमी दहाच्या काट्यावर असतो, तो माणूस गेल्यावर पाहिला तर अकराकडे सरकलेला. तेच गाणं किंचित मोठ्याने लागलं की कानाला मोठं वाटत नाही, स्वच्छ आणि मोकळं वाटतं. "तंबोरे वेगळे ऐकू आले!" असं मीच ओरडलो. त्याला काही म्हणावंच लागलं नाही.

जाताना जुने फ्यूज "कचरा आहे हो" म्हणून त्याने स्वतःच्या खिशात टाकले. म्हणजे अदलाबदल करून बघायची सोयच उरली नाही. पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर, म्हणून बिल नाही. ५,००० यूपीआयने, बाकी रोख. आवडलं नाही तर १० दिवसांत पैसे परत, मात्र खरा आवाज २०० तास वाजवल्यावर उघडतो, असंही सांगितलं. मी रोज दोन तास ऐकतो. २०० तास भरायला १०० दिवस. हा साधा भागाकार मला त्या दिवशी सुचला नाही, आणि मी बँकेत ३१ वर्षं काढली आहेत.

आठवड्याभराने बायको म्हणाली, "आवाज होता तसाच आहे. तुम्ही हल्ली डोळे मिटून ऐकता, एवढाच फरक." मी तिच्यावर चिडलो.

भाचा वागळे इस्टेटमध्ये पॉवर सप्लाय बनवणाऱ्या कारखान्यात आहे. डबी बघून तो हसलाच. "मामा, कोपऱ्यावरच्या डीपीपासून तुझ्या मीटरपर्यंत ॲल्युमिनियमची केबल आहे. ती कुणी बर्फात घातली होती? आणि हा बाण कशाला? आपला करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो." फ्यूजनंतर ट्रान्सफॉर्मर येतो, मग करंट एकाच दिशेने सोडणारे डायोड, मग वीज साठवणारे मोठे कॅपॅसिटर. स्पीकरला जी ताकद मिळते ती त्या कॅपॅसिटरमधून. फ्यूजमधून गाणं जातच नाही.

तरी माझं मन मानेना, म्हणून त्याने लॅमिंग्टन रोडवरून दहा-दहा रुपयांचे साधे फ्यूज आणले. व्हॉल्यूमच्या ठिपक्यावर चिकटपट्टी लावली आणि मला पाठ करून बसवलं. प्रत्येक वेळी ॲम्प बंद, झाकण उघडणं, कधी फ्यूज बदलायचा, कधी नुसता बदलल्यासारखं करायचं. अख्खी दुपार गेली. बारापैकी पाच वेळा माझं उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर बरं झालं असतं.

इथवर गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण भाच्याच्या मनात शंका होती. ॲम्पच्या मागे 'टी १.६ ए' लिहिलं आहे. 'टी' म्हणजे दमाने उडणारा फ्यूज, कारण बटण दाबताच ट्रान्सफॉर्मर क्षणभर कितीतरी पट करंट खेचतो, तेवढ्याने तो उडता कामा नये. पण २.१ पट करंट टिकून राहिला तर असा साधा काचेचा फ्यूज दोन मिनिटांच्या आत उडालाच पाहिजे, असं मानक आहे. १.६ ला ते होतात ३.३६ अँपिअर. भाच्याने कारखान्यातल्या टेबलावर साडेतीन अँपिअर सोडले. दहा रुपयांचा फ्यूज मिनिटाभरात गेला. सोनेरी फ्यूजवरही १.६ छापलेलं होतं. तो दहा मिनिटं शांत बसून होता, जेमतेम कोमट.

म्हणजे छापील आकडाच खोटा. आत जाड तार घातली होती. ॲम्पमधला एखादा डायोड शॉर्ट झाला असता तर कदाचित हा फ्यूज उडालाच नसता, ट्रान्सफॉर्मर तापत राहिला असता आणि इन्शुलेशन जळेपर्यंत आम्हाला पत्ताही लागला नसता. ॲम्प लाकडी कपाटात आहे, वर पडदा.

विकणाऱ्याला फोन केला तर "काका, तुमचे २०० तास झाले का?" नंतर नंबर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. हातात पुरावा फक्त त्या ५,००० च्या यूपीआयचा. रोख दिलेले १४,००० कुठेच दिसत नाहीत.

असा फ्यूज तुमच्याकडे बसवून गेला असेल तर मशीन बंद करून प्लग भिंतीतून काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या, कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. झाकण स्वतः उघडू नका, वायरमन किंवा रिपेअरवाल्याला बोलवा. मागे लिहिलेलं अक्षर आणि आकडा जुळणारा, ओळखीच्या दुकानातला साधा फ्यूज बसवून घ्या. काढलेला सोनेरी फ्यूज मात्र फेकू नका, तक्रारीला तोच लागतो. आमचे दोन्ही भाच्याने कुतूहलाने फोडले, आणि आता डबीत नुसता काचेचा चुरा आणि चार टोप्या उरल्यात.