एचपीएमसी घ्यायचं की गवार गम?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या फार्मसीच्या पोरांचा प्रोजेक्टच्या वेळचा ठरलेला प्रश्न: सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळीसाठी पॉलिमर (औषध धरून ठेवणारा पदार्थ) कोणता, सेल्युलोजपासून बनवलेला एचपीएमसी की गवार गम? निम्म्यांना गवार गम हवा असतो, कारण शीर्षकात ‘नैसर्गिक’ शब्द बसतो. बाजाराच्या दिवशी भाजीला घेतो त्याच गवारीच्या बियांतून तो निघतो, स्वस्तही पडतो.

काम दोघांचं सारखंच. पाणी लागलं की गोळीभोवती चिकट जेलचा थर धरतो. औषध त्यातून झिरपतं आणि थर बाहेरून झिजत जातो. भांडण आहे ते या थराच्या भरवशाचं.

एचपीएमसीच्या डब्यावर के4एम, के15एम, के100एम असं लिहिलेलं असतं. 2 टक्के द्रावणाची विस्कॉसिटी (दाटपणा) 20 अंशांना अंदाजे 4,000, 15,000 आणि 1,00,000 मिलिपास्कल-सेकंद, असा त्यातल्या आकड्यांचा अर्थ. म्हणजे थर किती घट्ट हवा ते डबा उघडायच्या आधीच ठरवता येतं. गवार गमची विस्कॉसिटी मात्र लॉट (एका वेळी तयार झालेला माल) बदलला की बदलते. गेल्या महिन्यात 10 तास टिकलेली गोळी नव्या पिशवीतल्या गमनं 7 तासांत मोकळी झाली, तर चूक शोधणार कुठं?

आपल्याकडे हे जास्त महागात पडतं. डिसोल्यूशनला, म्हणजे गोळीतून औषध किती वेगानं सुटतं ते तपासायला, 900 मिली द्रावण, 37 अंश, पहिले 2 तास 0.1 नॉर्मल आम्ल, पुढे 6.8 पीएचचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण). दिवसभर मशीनजवळ बसायचं. माझी अशी एक रन (चाचणीची फेरी) आठव्या तासाला लाईन गेल्यामुळे वाया गेली. पाणी थंड, ढवळणारं पॅडल बंद, सगळं पुन्हा पहिल्यापासून. ज्या पॉलिमरमुळे रन कमी कराव्या लागतील तोच आपला. मी एचपीएमसीच सांगतो.

औषध मेटफॉर्मिनसारखं पाण्यात झटकन विरघळणारं असेल तर सरळ के100एम धरा. पण हिशोब आधी करा: 500 मिलिग्रॅम औषध आणि गोळीच्या 30 टक्के पॉलिमर म्हटलं तरी वजन 700 च्या वर गेलं. घशाखाली उतरली पाहिजे ना! पॉलिमर फार कमी केला तर थर नीट धरायच्या आतच औषध सुटतं. ग्रॅन्युलेशनला (पावडरीचे दाणे करताना) नुसतं पाणी ओतलं तर गोळे होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. सोडियम अल्जिनेट हा आणखी एक पॉलिमर आम्लात वेगळं वागतो, पहिल्या प्रोजेक्टला त्याच्या नादी लागू नका.

गवार गमची खरी जागा मोठ्या आतड्यात. तिथले जीवाणू तो खाऊन तोडतात, एचपीएमसी त्यांना तोडता येत नाही. औषध तिथंच पोचवायचं असेल तर गवार गमच घ्या. फक्त सगळ्या बॅचेसना पुरेल एवढा एकाच लॉटचा आधीच आणून ठेवा, आणि पावसाळ्यात डबा घट्ट बंद. दमट हवेत तो पाणी ओढतो.