बुटात चाकू, बटणात होकायंत्र: एमआय-९ च्या सुटकेच्या साधनांचे परीक्षण

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात अडकलेल्या किंवा कैदेत पडलेल्या सैनिकांना निसटता यावे, म्हणून ब्रिटनने डिसेंबर १९३९ मध्ये एमआय-९ हा विभाग उघडला आणि साधने घडवण्याचे काम ख्रिस्टोफर क्लेटन हटन यांच्याकडे सोपवले. या साधनांचे कौतुक बहुधा हेरगिरीतील गंमत म्हणून होते. वापरायच्या वस्तू म्हणून त्यांची पारख केली, तर त्यांची खरी थोरवी कळते.

पहिला क्रमांक मी रेशमी नकाशाला देईन. कागद भिजला की फाटतो, घडीवर विरतो आणि झडतीच्या वेळी नेमका कुरकुरतो. रेशीम मात्र मुठीत मावते, आवाज करत नाही आणि अस्तरात शिवले तर चाचपणाऱ्या हाताला सहसा लागतही नाही. सुरुवातीला रेशमावर शाई फुटत असे. जॅम घट्ट करणारे पेक्टिन शाईत मिसळल्यावर बारीक रेषाही स्वच्छ उमटू लागल्या. एडिनबरोच्या बार्थोलोम्यू कंपनीने त्यासाठी आपले नकाशे विनामोबदला दिले, हेही आवर्जून सांगायला हवे.

बटणातले होकायंत्र झाकण फिरवून उघडत असे. जर्मन पहारेकऱ्यांना हे उमगल्यावर हटन यांनी आटे उलटे पाडले; नेहमीच्या सवयीने उघडू पाहणाऱ्याच्या हातून झाकण अधिकच आवळले जाई. एकही नवा भाग न जोडता साधलेली ही सुधारणा मला सर्वांत हुशारीची वाटते. एवढ्याशा यंत्रावर अचूक कोन मोजता येणार नाही, हे खरे. पण रात्री शेतातून वाट काढणाऱ्याला उत्तर कुठे आहे एवढेच कळले तरी पुष्कळ.

१९४३ चे वैमानिकी बूटही तितकेच विचारपूर्वक केलेले आहेत. उंच, अस्तर लावलेले बूट घालून गावातून चालणारा परका लगेच नजरेत भरतो. या बुटाचा पोटरीवरचा भाग आत दडवलेल्या छोट्या चाकूने कापून टाकला, की खाली साधा काळा नाडीचा बूट उरतो. कापलेला बूट पुन्हा सांधता येत नाही, पण ज्याच्यावर तो कापायची वेळ आली आहे त्याला ते नकोच असते.

छावण्यांत अशा वस्तू पाठवण्यासाठी एमआय-९ ने काल्पनिक धर्मादाय संस्थांची नावे वापरली आणि रेडक्रॉसच्या पार्सलांना हात लावला नाही, कारण त्यांत एखादी वस्तू सापडली असती तर हजारो कैद्यांचे अन्न बंद होण्याचा धोका होता. साधनांइतकेच श्रेय मी या निर्णयाला देतो.