पिक्सेल रोषणाई: ५ व्होल्टची पट्टी घ्यावी की १२ व्होल्टची?

प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलणारी पट्टी निवडताना बहुतेक जण चमक पाहतात. ती ऐन सणात बिघडली तर दोष कुठे शोधावा लागेल, हे आधी पाहावे असे मला वाटते.

५ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१२बी या प्रकारच्या पट्टीत पूर्ण पांढऱ्या प्रकाशाला एक पिक्सेल (लाल, हिरवा आणि निळा एलईडी असलेला एक दिवा) सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ३०० पिक्सेलना १८ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. एवढा प्रवाह पट्टीतल्या पातळ तांब्यातून जाताना व्होल्टेज घटत जाते आणि निळ्या एलईडीला लाल एलईडीपेक्षा अधिक व्होल्टेज लागत असल्यामुळे शेवटाकडचा पांढरा रंग आधी पिवळसर आणि मग तांबूस दिसू लागतो. अशा वेळी कंट्रोलर (पट्टीला रंगांचे आदेश देणारे उपकरण) बदलून काहीही साधत नाही. पॉवर सप्लायपासून जाड वायर नेऊन पट्टीला शेवटाकडूनही वीज द्यावी लागते. मल्टिमीटरने मोजायचे ते सगळे दिवे पांढरे पेटवूनच, कारण दिवे बंद असताना शेवटीही जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि दोष लपून राहतो.

१२ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८११ पट्टीत सहसा तीन दिवे एका आयसीवर (रंग ठरवणाऱ्या चिपवर) चालतात. तेवढ्याच दिव्यांना प्रवाह बराच कमी लागतो, त्यामुळे लांब पट्टीतही रंग टिकतो. मात्र तिन्ही दिव्यांचा रंग एकत्रच बदलतो. सुट्या दिव्यांच्या १२ व्होल्टच्या माळेत एका आयसीवर एकच दिवा असेल, तर प्रवाह ५ व्होल्टच्या माळेइतकाच राहतो आणि जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत वाया जाते, हे माळ घेताना तपासावे.

डेटा वायरचे, म्हणजे कंट्रोलरचे आदेश पट्टीपर्यंत नेणाऱ्या वायरचे, दोष दोन्हींत सारखेच असतात, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ त्यांनीच घेतला आहे. डब्ल्यूएस२८१२बीला ५ व्होल्टवर किमान ३.५ व्होल्टचा सिग्नल हवा असतो, तर कंट्रोलर म्हणून वापरला जाणारा ईएसपी३२ हा छोटा बोर्ड फक्त ३.३ व्होल्ट देतो. त्यामुळे टेबलावर नीट चाललेली पट्टी लांब डेटा वायर जोडल्यावर लुकलुकू लागते. कंट्रोलरजवळ ७४एएचसीटी१२५ ही लेव्हल शिफ्टर (सिग्नलचे व्होल्टेज वाढवणारी) आयसी बसवावी, पण त्याआधी कंट्रोलर आणि पट्टी यांचे ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडले आहे ना, हे पाहावे. १२ व्होल्टच्या पट्टीतही डेटा ५ व्होल्टचाच असतो. जोडणी करताना १२ व्होल्टची वायर डेटाला चुकून लागली तर पहिला पिक्सेल आणि कंट्रोलर दोन्ही जळू शकतात.

पट्टी मध्येच बंद पडली, तर शेवटचा पेटणारा आणि पहिला न पेटणारा असे दोनच पिक्सेल संशयित असतात. आधी त्यांच्यामधला सोल्डरचा जोड पाहावा आणि तो ठीक असेल तर दोन्ही पिक्सेल बदलावेत. १२ व्होल्टच्याच डब्ल्यूएस२८१५ पट्टीत डेटाची दुसरी राखीव वायर असल्यामुळे एखादा पिक्सेल निकामी झाला तरी पुढचे चालू राहतात. सलग दोन गेले तर मात्र तीही थांबते.

खिडकीच्या चौकटीसारख्या हात पोहोचणाऱ्या छोट्या कामाला मी ५ व्होल्टची पट्टी घेईन, कारण तिथे प्रत्येक दिवा वेगळा हवा असतो आणि जोडही सहज तपासता येतो. छताच्या कडेला, जिथे दुरुस्तीसाठी शिडी लावावी लागते, तिथे जास्त पैसे पडले तरी डब्ल्यूएस२८१५च घ्यावी.