घरपोच कुर्बानी: एका सेवेचा अनुभव

आमच्या मुंबईतील इमारतीच्या आवारात कुर्बानी करण्याची सोय नाही आणि देवनारच्या बाजारात जाऊन बोकड पारखण्याचे कसब माझ्या पिढीत उरलेले नाही. म्हणून ७ जून २०२५ च्या बकरी ईदेला आम्ही प्रथमच एका धर्मादाय न्यासाच्या कुर्बानी सेवेत नाव नोंदवले. काही तक्रारीही सांगायच्या असल्याने न्यासाचे नाव देत नाही.

अर्ज सोपा होता. स्वतंत्र बोकड घ्यायचा की रेड्यातील सातवा हिस्सा, आणि मांस घरी हवे की सगळेच गरजूंना द्यायचे, एवढे ठरवले की झाले. मात्र अर्ज करणारे सगळे सुन्नी धर्मशास्त्रातील हनफी मताचे असणार, असे तो तयार करणाऱ्याने गृहीत धरलेले दिसते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई या दुसऱ्या मताचे आहोत. हनफी मतानुसार एक वर्षाचा बोकड चालतो, आमच्याकडे दोन वर्षे पूर्ण झालेला लागतो. हनफींमध्ये ऐपत असलेल्या प्रत्येकावर स्वतंत्र कुर्बानी वाजिब म्हणजे बंधनकारक असते, तर आमच्यात ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत म्हणून करायची पण सक्तीची नसलेली, असून एका घराच्या वतीने एक पुरते. अर्जात यासाठी रकाना नव्हता. फोन केल्यावर न्यासाच्या मौलानांनी हे सर्व न कंटाळता टिपून घेतले, ही जमेची बाजू.

या सेवेतील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे ईदच्या नमाजनंतर, जबीहापूर्वी म्हणजे जनावर कापण्याआधी आलेला फोन. कोणाच्या वतीने कुर्बानी होत आहे आणि तुमची इजाजत आहे ना, एवढेच पलीकडच्या माणसाने विचारले. वरवर ही औपचारिकता वाटेल. पण कुर्बानीत नियतला, म्हणजे मनातील हेतूला, जे स्थान आहे, ते पाहता हा अर्ध्या मिनिटाचा फोन म्हणजेच या सेवेचा गाभा आहे. मराठीत ‘कुर्बानी’ म्हटले की काहीतरी गमावणे डोळ्यांसमोर येते, परंतु या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी ‘कुर्ब’चा अर्थ जवळीक असा आहे. हजरत इब्राहीम यांनी स्वप्नातील आज्ञा मुलाला सांगून त्याचे मत विचारले, मुलाने ती आज्ञा पाळण्यास सांगितले, आणि दोघेही शरण गेल्यावर मुलाच्या जागी जनावर आले; म्हणजे सुरी चालण्याआधीच कसोटी पूर्ण झाली होती. कुरआनच्या सूरह हजमधील ३७ वी आयत तर स्पष्टच सांगते, की अल्लाहपर्यंत ना मांस पोहोचते ना रक्त, पोहोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून वागणे. मग मांसाची पिशवी घरपोच देणाऱ्याने नियतची विचारपूस विसरून कसे चालेल?

दुसऱ्याच्या हातून कुर्बानी करवून घेणे गैर नाही. अखेरच्या हजच्या वेळी पैगंबरांनी शंभरपैकी ६३ उंट स्वतःच्या हाताने कुर्बान केले आणि उरलेले हजरत अली यांच्याकडे सोपवले. तरीही आमच्या रत्नागिरीकडच्या घरी अंगणात चार महिने पाला खाऊन वाढलेला बोकड ईदच्या सकाळी दावणीवरून सोडताना आजी तोंड फिरवून आत जायची. ते जड जाणे कोणत्याही सेवेच्या दरपत्रकात नसते, आणि तसा दोष मी न्यासाला देतही नाही.

तक्रारी दोन आहेत. दुपारी बाराला येणारे मांस साडेचारला आले, तेही कलेजीविना. ईदच्या नमाजपर्यंत काही न खाता थांबून पहिला घास कुर्बानीच्या कलेजीचा घेण्याची आमच्या घरची रीत आहे. अम्मीने शेवटी खजुरावर भागवले. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मांसाचे तीन वाटे करून एक घरात, एक नातलगांत आणि एक गरिबांत द्यावा, असा प्रघात आहे. न्यासाने गरिबांचा वाटा परस्पर पोहोचवला आणि त्याची पावती दिली. पण आमच्याच गल्लीत ज्या घरांना तो द्यायचा होता, त्यांचे दार वाजवण्याची संधी आम्हाला मिळाली नाही. तिन्ही वाटे आमच्याकडे पाठवा, असे सांगण्याची सोय अर्जात असायला हवी.

स्वच्छता, वजन आणि बांधणी यांबद्दल मात्र नाव ठेवायला जागा नाही. कसायाची मजुरी वेगळी आकारली होती, हेही योग्यच, कारण ती कुर्बानीच्या मांसातून किंवा कातड्यातून देता येत नाही.

पाचपैकी साडेतीन गुण देते. पुढच्या वर्षी याच न्यासाकडे ‘जबीहाच्या वेळी स्वतः हजर राहणार’ या पर्यायावर खूण करणार आहे, आणि कलेजी लगेच हातात घेऊनच परतणार आहे.